झेंडू, पहाट आणि चार अंश

टिल्ट-शिफ्ट लेन्ससाठी आरडी मोडायची म्हणतेस, तर आधी माझं थोडं ऐकून घे. नको म्हणायला बसलेली नाही मी. दिलसुखनगरच्या हॉस्टेलात तिघींच्या खोलीत राहून, पगारातले पैसे बाजूला टाकून, तुला झेंडूच्या शेतांचे फोटो काढावेसे वाटतात याचा मला मनापासून आनंद आहे. मावशीला हे पटायला वेळ लागेल, ते माझ्याकडे लागलं. पण लेन्स कुठली घ्यायची, ती नेमकं काय करते आणि लोकांच्या शेतात पाय ठेवताना कसं वागायचं, हे तुला कुठला दुकानदार सांगणार नाही. ते मी सांगते.

तू पाठवलेले नमुने पाहिले. उंचावरून टिपलेलं गाव, मधला पट्टा स्वच्छ, वरचं-खालचं सगळं धूसर, माणसं खेळण्यातली वाटतायत. बहुतेकांना ही लेन्स त्या करामतीपुरतीच ठाऊक असते. शेतावर ती करामत करू नकोस. जिथे बाया पहाटेपासून कंबर वाकवून फुलं तोडतात, ते शेत खेळण्यासारखं दाखवणं मला पटत नाही. शिवाय तो परिणाम फोनमधलं अ‍ॅपसुद्धा देतं. या लेन्सचं खरं काम याच्या उलट आहे. पायापुढच्या फुलापासून लांबच्या वडापर्यंत सगळं एकाच वेळी स्पष्ट करायचं, आणि तेही उजेड पुरता आलेला नसताना.

साध्या लेन्सची फोकसची पातळी कॅमेऱ्यासमोर धरलेल्या उभ्या काचेसारखी असते. काच पुढे सरकव, मागे सरकव, ती उभीच राहते. शेत मात्र आडवं पसरलेलं. उभी काच आडव्या शेताला एकाच रेषेत छेदणार, म्हणून एक ओळ लख्ख येते आणि तिच्या अलीकडची-पलीकडची विरघळते. त्यावर आपल्याला माहीत असलेला उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करणं. पण पहाटे तो उपाय अंगाशी येतो. अ‍ॅपर्चर बारीक केलं की शटर लांबतं, आणि झेंडूचं बोंड दवाने कितीही जड झालेलं असलं तरी वाऱ्याच्या झुळकीने हलतंच. शिवाय एफ/२२ला प्रकाश इतका पसरतो की पाकळ्यांची धार बोथट होते. टिल्ट केलं, म्हणजे लेन्सचं तोंड जरासं खाली झुकवलं, की तीच काच पुढे कलते आणि फुलांच्या माथ्यांवर आडवी टेकते. मग अ‍ॅपर्चर मोकळं ठेवलं तरी चालतं.

आकड्यांत सांगते, म्हणजे पटेल. पन्नास मिलिमीटरची लेन्स, फुलफ्रेम कॅमेरा, पहिलं फूल सहा-सात फुटांवर. साध्या लेन्सने तिथपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं असेल तर एफ/२२च्या आसपास जावं लागतं. टिल्ट असेल तर एफ/५.६ पुरतं. म्हणजे चार स्टॉप वाचले. जिथे शटर पाव सेकंद उघडं ठेवावं लागलं असतं, तिथे साठाव्या भागात काम होतं. पाव सेकंदात शेत डुलतं. साठाव्या भागात ते बऱ्यापैकी स्थिर राहतं. ही लेन्स घ्यायचं माझ्या लेखी एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

म्हणूनच तू म्हणतेस ती चोवीस मिलिमीटरची नको. रुंद लेन्सला मुळातच खोली भरपूर मिळते. चोवीसने एफ/५.६ला, टिल्ट न करताही, पाच-सहा फुटांपासून लांबवर सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. अगदी फुलाला नाक लावून बसायचं असेल तरच तिथे टिल्टची गरज. आणि चोवीसमध्ये झेंडूचं शेत विरळ दिसतं गं. ओळींमधली माती, ठिबकच्या नळ्या, तण, सगळं उघडं पडतं. पन्नास किंवा नव्वद घेतलीस तर ओळी एकमेकींच्या जवळ येतात आणि पिवळ्यावर केशरी चढत जातं. पण तिथेच साध्या लेन्सची खोली संपते. नव्वदने एफ/५.६ला क्षितिजापर्यंत स्पष्ट ठेवायचं तर चोवीस मीटरच्या अलीकडचं काहीच स्पष्ट राहत नाही. टिल्टची किंमत वसूल होते ती या लांब लेन्सांत. वास्तू काढणाऱ्यांना चोवीस हवी, ते बरोबर आहे, त्यांना चारमिनार सरळ उभा दाखवायचा असतो. तुला शेत हवंय.

आता झुकाव किती द्यायचा? नवशिकी मुलं खटका सोडून लेन्स थेट आठ अंशांवर नेतात आणि मग काहीच जुळत नाही. हिशोब सोपा आहे. लेन्सपासून फुलांच्या माथ्यापर्यंतची उंची फुटांत घे, तिला पाचने गुण, आणि लेन्सच्या मिलिमीटरला त्याने भाग. कॅनडातल्या हॅरॉल्ड मर्क्लिंगर यांनी १९९३मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, त्यांनी मांडलेल्या गणिताचं हे सुटसुटीत रूप. कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर, झेंडू अडीच फुटांचा, म्हणजे उरले अडीच फूट. अडीच पंचे साडेबारा. पन्नासला साडेबाराने भागलं की चार. चार अंश, बस. उंची मातीपासून मोजलीस तर काच मातीवर जाऊन टेकेल आणि फुलं वर अधांतरी धूसर राहतील. मोजायचं ते फुलांच्या माथ्यापासून. एवढं एक लक्षात ठेवलंस तरी अर्धं काम झालं.

कॅमेरा मात्र ओळंब्यात हवा, खाली वाकलेला नको. ओळंब्यात ठेवला की फोकस जवळजवळ अनंतावर येतो आणि काच आपोआप आडवी पडते. खाली वाकवलास की सगळं गणित फिरतं. मग तू विचारशील, सरळ धरल्यावर अर्ध्या फोटोत आकाशच येणार, शेत कुठे मावणार? शिफ्ट त्यासाठीच आहे. कॅमेरा न हलवता लेन्स खाली सरकवायची. सेन्सर चोवीस मिलिमीटर उंच असतो. लेन्स सहा मिलिमीटर खाली सरकवली की क्षितिज मधून उठून वरच्या पाव भागाच्या रेषेवर बसतं. आठ सरकवली तर आणखी वर. लांबची झाडं उभीच राहतात, कुठलंही झाड मागे कलंडत नाही. टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही एकत्र कशासाठी देतात ते मला शेतातच उमगलं.

दुसरी खाच ऐक. टिल्ट केल्यावर स्पष्टतेचा पट्टा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. तो पाचरीच्या आकाराचा असतो. पाचरीचं टोक तुझ्या कॅमेऱ्याखाली आणि पुढे ती रुंदावत जाते. वरच्याच मांडणीत सहा-सात फुटांवरच्या ओळीत फुलांच्या माथ्यापासून चार इंच वर आणि चार इंच खाली एवढंच स्पष्ट मिळतं. पन्नास फुटांवर तेच अडीच फूट वर, अडीच फूट खाली होतं. म्हणून पुढच्या ओळीत एखादी काडी उंच वाढलेली असेल तर तिचा शेंडा धूसर येणार. दुसऱ्या जागी जा, पण काडी मोडू नकोस, ते कुणाचं तरी पीक आहे. आणि तोडा करणारी बाई फोटोत घ्यायची असेल तर ती साठ-सत्तर फुटांवर असू दे. जवळ उभी असली तर तिचे हात स्पष्ट येतील आणि चेहरा पुसला जाईल. चेहरा पुसलेला फोटो काढायचा नाही. तिथे टिल्ट कमी कर, अ‍ॅपर्चर एफ/११पर्यंत ने, थोडा उजेड वाढू दे.

हे सगळं नवीन आहे असं समजू नकोस. लाकडी घडीच्या, भात्याच्या कॅमेऱ्यांत लेन्सची फळी सरकवता यायची आणि फळ्या कलवण्याची सोयही पुष्कळ कॅमेऱ्यांत असे. सहाव्या निझामांचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ याच हैदराबादेत, सिकंदराबादेत, तसल्या कॅमेऱ्यांनी काचेच्या मोठमोठ्या प्लेटांवर राजवाडे टिपत होते. १९०५मध्ये ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०४मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्यातले थिओडोर शाइमफ्लुग यांनी कलत्या पातळीच्या नियमावर पेटंट घेतलं. बलूनमधून तिरके आलेले फोटो नकाशासाठी सरळ कसे करायचे, हा त्यांचा ध्यास होता. नियम त्यांच्या नावाने चालतो, पण फ्रान्सच्या ज्यूल कार्पांतिए यांनी १९०१मध्येच तो मांडला होता, आणि शाइमफ्लुग यांनी तसं श्रेयही दिलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे छोट्या फिल्मचे कॅमेरे आले, भाते गेले आणि ही सोयही गेली. निकॉनने १९६२मध्ये सरकणारी लेन्स काढली आणि कॅननने १९७३मध्ये सरकणारी-झुकणारी दोन्ही. तू जी विकत घ्यायची म्हणतेस ती त्या घराण्यातली.

विकत घेण्याचं म्हणशील तर आत्ता घेऊ नकोस, भाड्याने घे. नवी लेन्स लाखाच्या वर जाते आणि वर्षातून पाच-सहा पहाटांसाठी एवढे पैसे अडकवणं तुझ्या वयात बरं नाही. दोन दिवसांच्या भाड्यात तुला कळेल की हाताने फोकस करत, कॅमेऱ्याच्या पडद्यावर दहापट मोठं करून बघत, एकेका फोटोला पाच-दहा मिनिटं देणं तुझ्या स्वभावात आहे का. यातल्या कॅनन-निकॉनच्या लेन्सांना ऑटोफोकस नाही, हे आधीच सांगून ठेवते. जुनी वापरलेली मिळाली आणि मोह झालाच, तर एक तपासून घे. कॅननच्या पहिल्या पिढीच्या चोवीस, पंचेचाळीस, नव्वद आणि निकॉनच्या पीसी-ई लेन्सांत झुकण्याची दिशा आणि सरकण्याची दिशा एकमेकींना काटकोनात बसवलेली येते. तुला दोन्ही उभ्या दिशेत हव्यात. स्क्रू काढून ते फिरवून घेता येतं, पण दुरुस्तीवाल्याकडूनच करून घे, घरी पाना लावू नकोस. कॅननच्या २०१७च्या पन्नास आणि नव्वदमध्ये ती दिशा हाताने फिरवता येते. खिसा अगदीच आखडला असेल तर टीटीआर्टिझनची नुसती झुकणारी पन्नासची लेन्स मिररलेस कॅमेऱ्यांना मिळते. तिला शिफ्ट नाही, म्हणजे कॅमेरा थोडा वाकवावा लागेल आणि पडद्यावर बघत बघत झुकाव जुळवावा लागेल. शिकायला वाईट नाही.

शेतात जाण्याआधी गच्चीवर सराव कर. माझ्या गच्चीच्या फरश्या त्यासाठी उत्तम आहेत. पायाजवळची फरशी आणि कठड्याजवळची फरशी दोन्ही एफ/४ला स्पष्ट आणायच्या. आधी लांबच्या फरशीवर फोकस, मग झुकाव वाढवत जवळची आण, पुन्हा लांबची बघ, पुन्हा जवळची. दोन-तीन फेऱ्यांत जुळतं. अंधारात बोटांना खटके सापडले पाहिजेत, म्हणून हे संध्याकाळी, दिवा न लावता कर. आरशाचा कॅमेरा वापरणार असशील तर उजेडाचं मोजमाप झुकवण्या-सरकवण्याआधी घेऊन ठेव, नंतर मीटर फसतो.

आता शेतं. आपल्या दिलसुखनगरात साईबाबांच्या देवळापाशी हारवाल्यांकडे जी फुलं येतात, त्यातला मोठा माल गुडिमलकापूरच्या बाजारातून निघतो, आणि त्या बाजाराला झेंडू, शेवंती पुरवणाऱ्या शेतांचा एक मोठा पट्टा शहराच्या पश्चिमेला आहे. मोईनाबाद, चेवेल्ला, शाबाद, शंकरपल्ली. इथून चेवेल्ला साधारण पन्नास किलोमीटर. एल. बी. नगरवरून आरामघर, पुढे अप्पा जंक्शन, आणि तिथून विजापूरचा रस्ता. त्या रस्त्याच्या दुतर्फा शेकडो जुने वड आहेत. रुंदीकरणात ते तोडले जाऊ नयेत म्हणून लोक हरित लवादापर्यंत गेले. फोटोत मागे वड हवा असेल तर वाटेतच एखादं शेत हेरून ठेव, आणि हेरायला आदल्या आठवड्यात दिवसाउजेडी जाऊन ये. पहाटेच्या अंधारात शेत शोधत फिरायचं नसतं.

वेळ साधायची ती तोड्याच्या आधीची. इथे झेंडूला दुहेरी मागणी असते. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा, अष्टमीला सद्दुला बतुकम्मा, आणि लगेच दसरा. तरवडाची पिवळी फुलं, इथे त्याला तंगेडू म्हणतात, तेलंगणाचं राज्यफूल तेच, कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि झेंडू यांचे थर ताटावर चढतात. तरवड आणि कुरडू बांधावर, पडीक रानात मिळतात, झेंडू मात्र शेतातूनच यायचा. त्यामुळे सणाच्या तोंडावर शेत बघता बघता हिरवं होतं. फुलं अंगावर असलेलं शेत हवं तर अमावास्येच्या आधीच गाठ. रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी पहिला बहर येतो, म्हणून शेतकऱ्याला विचार की लावणी कधीची आणि तोडा कधी धरणार. ते अगदी नेमका दिवस सांगतात.

सप्टेंबरच्या शेवटी सूर्य सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास उगवतो. तुला त्याच्या पाऊण तास आधी तिकाटणं रोवून उभं राहायचंय, कारण वारा सगळ्यात कमी तेव्हाच असतो आणि रंग सगळ्यात खोल तेव्हाच असतात. सूर्य वर आला की पिवळा रंग भाजल्यासारखा होतो आणि कॅमेऱ्यात एकजात सपाट दिसतो. म्हणजे दिलसुखनगरातून चारच्या आधी निघायला हवं. मेट्रो त्या वेळी नसते, पहिली गाडी सहाच्या सुमाराची. तुझी स्कूटी आउटर रिंग रोडवर चालत नाही, दुचाकींना तिथे बंदी आहे. आणि चालली असती तरी मी तुला एकटीला अंधारात जाऊ दिलं नसतं. हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंना आदल्या दिवशी लेखी सांगून ठेव, रात्री माझ्याकडे झोपायला ये, आपण गाडीने जाऊ. मला जमलं नाही तर ओळखीच्या दोघी-तिघींना घे, ओळखीचाच गाडीवाला ठरव आणि जागेचा ठावठिकाणा मला पाठव. यात भिण्यासारखं काही नाही, पण मुलीने पहाटे चारला शहराबाहेर जायचं तर एवढी बेगमी करावीच लागते, आणि ती केल्यावर मन कॅमेऱ्यात लागतं.

गाडीत एसी लावू नकोस. गार झालेली लेन्स दमट हवेत बाहेर काढलीस की काचेवर वाफ धरते आणि जायला नेमका तोच पाऊण तास लागतो. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात टॉर्च हवाच. झेंडूच्या ओळी दाट असतात, गारव्याला साप बसलेला असू शकतो, म्हणून आधी उजेड टाक, मग पाऊल टाक. पाऊस होऊन गेला असेल तर तिकाटण्याचे पाय हळूहळू खचतात आणि ओळंबा जातो. प्रत्येक फोटोआधी पाणसळीचा बुडबुडा बघ. शक्य तिथे बांधावरच राहा. ओळीत शिरलीस तर बोंडं गळतात.

आणि परवानगी. ‘फोटो तीसुकोवच्चा, अक्का?’ एवढं तेलुगू पाठ कर, आणि ते आदल्या आठवड्याच्या फेरीतच विचार. शेत मालकाचं असलं तरी तोडणाऱ्या बायांनाही वेगळं विचार, कारण फोटोत त्या येणार आहेत. त्या नको म्हणाल्या तर नको. बाया येतात तेव्हा त्यांना गुडिमलकापूरची गाडी गाठायची घाई असते. तुझं तिकाटणं त्यांच्या वाटेत असेल तर ते उचलून बाजूला घ्यायचं, ‘एक मिनिट थांबा’ म्हणायचं नाही. पहाटेचा भाव आणि आठ वाजताचा भाव यात त्यांच्या आठवड्याच्या मेहनतीचं मोल ठरतं. पैसे देऊ का, असं तू विचारलं होतंस. शेतावर जाताना फुलं विकत घे, रास्त भावाने घे, आणि फोटो छापून दे. मोबाइलवर पाठवून भागवू नकोस. कागदावरचा फोटो भिंतीवर लागतो, आणि पुढच्या हंगामात त्याच बांधावर तुला चहा मिळतो.

कामं आटोपली की बाया बहुतेक स्वतःहूनच म्हणतील, आता आमचा एकेक काढ. तेव्हा आढेवेढे न घेता काढ, प्रत्येकीचा वेगळा काढ. फक्त त्याआधी टिल्ट शून्यावर आण आणि खटका घट्ट कर, शिफ्टही मध्यावर घे. चार अंश तसेच राहिले तर डोळे लख्ख येतील आणि हनुवटी, गळ्यातली पोत, कमरेची फुलांनी भरलेली ओटी सगळी धूसर.